रविवारच्या रात्री गाडी काढू नका

सोनपेठ शहरातून आणि तालुक्यातल्या खेड्यापाड्यांतून पुणे, चाकण, भोसरी, वाघोली, हडपसर, पनवेल, मुंबईकडे पोटापाण्यासाठी गेलेल्या आणि दिवाळीला घरी आलेल्या सगळ्या लेकरांना, त्यांच्या आई-वडिलांना, सासरच्या आणि माहेरच्या माणसांना हे कळकळीचं आवाहन आहे.

भाऊबीज उरकली की परतीचे हिशोब सुरू होतात. ‘रविवारी रात्री जेवण करून निघू, पहाटे पुण्यात, आंघोळ करून सरळ ड्युटीवर’ असा बेत ज्यांनी आखला असेल, त्यांनी तो आजच मोडावा. रविवारी रात्री स्वतःची गाडी स्वतः चालवत पुण्या-मुंबईकडे निघू नका. एसटीनं जा, रेल्वेनं जा. गाडी न्यायचीच असेल तर ती दिवसा न्या. एसटीनं जायला तयार असाल तर शुक्रवारी दुपारच्या आत नाव द्या, कारण जादा गाडी मागायला आकडा लागतो आणि आगाराला ती गाडी, चालक, वाहक यांची जुळवाजुळव करायला एक-दोन दिवस लागतात. शनिवारी संध्याकाळी दिलेल्या नावाचा कुणालाच उपयोग नाही.

कशासाठी एवढी घाई, ते सविस्तर सांगतो.

सोनपेठ ते पुणे हे अंतर सिरसाळा, तेलगाव, वडवणी, बीड, अहिल्यानगर, शिरूर असं धरलं तर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास भरतं. कागदावर सात तासांचा रस्ता. रात्री दहाला निघालेली गाडी बीड ओलांडते तेव्हा बारा वाजून गेलेले असतात आणि नगर ते शिरूर हा पट्टा नेमका दोन ते पाचच्या दरम्यान येतो. माणसाच्या शरीराला सगळ्यात गाढ झोप हवी असते ती याच वेळेला. तुम्ही कितीही तरबेज असा, चहा घ्या, खिडकी उघडी ठेवा, मोठ्यानं गाणी लावा, डोळा लागायचा तो लागतोच. तो दोन-तीन सेकंदांसाठी लागतो. ताशी नव्वदच्या वेगानं गाडी एका सेकंदात पंचवीस मीटर जाते. तीन सेकंदांत पाऊणशे मीटर, आणि त्या पाऊणशे मीटरभर गाडी कुणीच चालवत नसतं.

त्यात तो दिवस कसा गेलेला असतो ते आठवा. सकाळी उठून एका बहिणीकडे, दुपारी दुसरीकडे, मधे शेतात चक्कर, मग नातेवाइकांचा निरोप, डब्यांची बांधाबांध. दुपारी जरा पडावं म्हटलं तर कुणीतरी चहाला बोलावतं. चौदा-पंधरा तास जागा असलेला माणूस रात्री दहाला स्टिअरिंगवर बसतो आणि पुढचे सात तास जागं राहण्याची हमी देतो. एसटीच्या चालकाला कायद्यानं कामाचे तास ठरवून दिलेले आहेत. मोटार परिवहन कामगारांचा तो कायदा १९६१ चा आहे आणि त्यात दिवसाला आठ तासांची मर्यादा आहे. आपल्या घरातल्या चालकाला असा कुठलाच कायदा नाही. उलट ‘आमचा पोरगा एका दमात पुण्याला जातो’ हे आपण चारचौघांत कौतुकानं सांगतो.

शेजारच्या बीड जिल्ह्याचं एक उदाहरण साऱ्यांना ठाऊक आहे. १४ ऑगस्ट २०२२ ला पहाटे माजी आमदार विनायक मेटे यांच्या गाडीला मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर माडप बोगद्याजवळ अपघात झाला आणि त्यात ते गेले. मराठा आरक्षणाच्या बैठकीसाठी ते बीडहून रात्रीच निघाले होते. गाडी मोठी, चालवायला चालक, रस्ता राज्यातला सगळ्यात चांगला, आणि वेळ पहाटे पाचची. त्या अपघाताच्या कारणांवर पुढे बरंच बोललं गेलं, तपासही झाला. त्यात मला शिरायचं नाही. मराठवाड्यातल्या माणसाला सकाळच्या कामासाठी रात्रभर रस्ता कापावा लागतो ही आपल्या सगळ्यांची गोष्ट आहे, एवढंच त्यातून घ्या. परळीचे गोपीनाथ मुंडे ३ जून २०१४ ला दिल्लीत गेले, तेही गाडीत, मागच्या सीटवर बसलेले असताना. मागच्या सीटवर पट्टा लावायचा असतो ही गोष्ट आपल्याकडे त्यानंतरच्या आठ-दहा दिवसांत सगळे बोलले आणि नंतर सगळे विसरले. आजही सोनपेठमधून निघणाऱ्या दहा गाड्यांत डोकावून बघा, मागं पट्टा लावलेला माणूस दिसला तर मला सांगा.

२०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतली १५,२२४ आपल्या महाराष्ट्रातली. हे सरकारी आकडे आहेत. पुढच्या वर्षी ते कमी झाले नाहीत, वाढलेच. एवढ्या मोठ्या आकड्याचं काही वाटत नाही, हे मलाही कळतं. म्हणून आकडा सोडा आणि आपल्याच रस्त्याकडे पाहा.

दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्यांचे गळीत हंगाम सुरू होतात. सायखेड्याचा कारखाना, गंगाखेडचा, माजलगाव-तेलगावकडचे, पुढे नगर जिल्ह्यातले. सगळ्यांकडे ऊस जातो तो ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडून, तोही बहुतेक रात्री. मागच्या ट्रॉलीला दिवा नसतो. रिफ्लेक्टर असला तर चिखलानं माखलेला असतो, नाहीतर लोंबणाऱ्या उसाच्या वाढ्यांनी झाकलेला. ट्रॅक्टर ताशी वीसनं चाललेला आणि आपण नव्वदनं. समोरून येणाऱ्या ट्रकचा प्रखर दिवा डोळ्यांवर आला की पुढची ट्रॉली अंधारात नाहीशी होते आणि दिसते तेव्हा ब्रेक लावायला जागा उरलेली नसते. ह्याच दिवसांत ऊसतोड कामगारांच्या टोळ्या ट्रकमधून, ट्रॅक्टरमधून बायका-पोरांसह पश्चिमेकडे निघालेल्या असतात. ती माणसंही आपलीच आहेत. त्यांच्या ट्रॉलीत मागून घुसलेली कार दोन्हीकडची घरं उद्ध्वस्त करते. कारखान्यांनी गाळप सुरू करायच्या आत प्रत्येक ट्रॉलीच्या मागं लाल कापडी पट्टे आणि रिफ्लेक्टर लावून घ्यावेत, अशी विनंती इथंच करून ठेवतो. ती दरवर्षी केली जाते. काही ठिकाणी पाळलीही जाते.

एवढं सगळं पार करून पोहोचायचं कुठं? तर सोमवारी सकाळी नगर रोडला. रांजणगावच्या एमआयडीसीच्या बसगाड्या, शिक्रापूरच्या चौकातून चाकणकडे वळणारे कंटेनर, कोरेगाव भीमा, लोणीकंद, वाघोली, खराडी. सकाळी सातनंतर शिक्रापूर ते खराडी हे तीस किलोमीटरच्या आतबाहेरचं अंतर किती वेळात पार होईल हे कुणीच सांगू शकत नाही. रात्रभर जागलेला माणूस पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये क्लच दाबत बसतो आणि ‘लवकर पोहोचू’ म्हणून सोसलेलं जागरण त्या कोंडीत वाया जातं. दिवाळीनंतरच्या सोमवारी त्या रांगेत उभ्या असलेल्या गाड्यांच्या पाट्या वाचल्या तर एमएच-२२, एमएच-२३, एमएच-२४, एमएच-२६ अशा अख्ख्या मराठवाड्याची उजळणी होते.

आता मी असा सल्ला दिला की पोरं काय म्हणतात ते मला पाठ आहे. गाडीत सामान बसतं. ज्वारीचं पोतं, तुरीची डाळ, फराळाचे डबे, आईनं केलेलं लोणचं, हे एसटीत कसं न्यायचं? गावातून सोनपेठपर्यंत यायलाच रात्री वाहन मिळत नाही. रेल्वेचं आरक्षण कधीच फुल्ल. एसटी खडखडते, मधे थांबे फार. बायको-पोरांना घेऊन परळीच्या प्लॅटफॉर्मवर रात्री बसायचं का? आणि न बोललेलं कारण हे, की हप्त्यावर घेतलेली नवी गाडी गावात दाखवायला आणायची असते आणि आणली की न्यावीही लागते. या शेवटच्या कारणाला मी हसणार नाही. सहा-सात वर्षं चाकणला मशिनवर उभं राहून घेतलेली गाडी आहे ती. ती अंगणात उभी राहिल्यावर बापाच्या चेहऱ्यावर जे दिसतं त्याची किंमत मला कळते. पण गाडी दाखवून झाली आहे. आता ती दिवसा परत न्या. नाहीतर यंदा आई-बापाला देवदर्शनाला फिरवायला दोन आठवडे अंगणातच ठेवा आणि पुढच्या सुटीत उजेडी घेऊन जा. चावी गावात कुणाच्या हातात द्यायची ते मात्र नीट ठरवा.

पैशाचंही खरं ते सांगायला हवं. परभणी जिल्ह्यातलं पेट्रोल राज्यात सर्वांत महाग म्हणून पेपरात गाजलेलं आहे. मनमाडच्या डेपोपासून टँकरनं इथवर येता येता भाडं चढतं. लिटरला शंभराच्या वर दर आणि एका बाजूला वीसेक लिटर धरलं तर दोन हजार रुपये तिथंच गेले. टोल, चहापाणी वेगळं. एसटीच्या साध्या गाडीचं पूर्ण तिकीट सहाशेच्या आसपास पडतं. महिलांना १७ मार्च २०२३ पासून सगळ्या गाड्यांत अर्धं तिकीट आहे, पाच ते बारा वर्षांच्या लेकरांनाही अर्धंच. ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांना अर्धं आणि ७५ च्या पुढच्यांना फुकट. म्हणजे नवरा, बायको आणि एक शाळकरी पोर एसटीनं बाराशेत पुण्याला पोहोचतात. गाडीनं त्यांनाच दोन हजारांहून जास्त लागतात. पण पाच दांडगे गडी एका गाडीत बसून वर्गणी काढत असतील तर गाडीच स्वस्त पडते, हे मी नाकारत नाही. म्हणून माझं म्हणणं पैशावर उभं नाही. स्वस्तात पडते म्हणून रात्री गाडी काढणाऱ्या त्या पाचही जणांसाठीच हे आवाहन आधी आहे, कारण तरुण मित्रांनी भरलेल्या गाडीत ‘बस कर आता, थांबव, झोपू’ असं म्हणणारं कुणी नसतं.

आणखी एक प्रकार अलीकडे फार बोकाळला आहे. मोबाईलवर स्टेटस पडतं: ‘रविवारी रात्री पुणे, दोन सीट शिल्लक.’ पांढऱ्या पाटीची खासगी गाडी, ओळख ना पाळख, माणशी पाच-सहाशे रुपये. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे परवान्याशिवाय भाड्यानं प्रवासी नेता येत नाहीत. भावा-बहिणीनं मिळून पेट्रोल भरणं निराळं आणि अनोळखी माणसाकडून सीटमागं पैसे घेणं निराळं. काही घडलं तर विमा कंपनी याच मुद्द्यावर बोट ठेवते आणि घरच्यांना वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. एसटीच्या तिकिटात अपघात सहायता निधीचा एक रुपया असतो. त्या रुपयाकडे कुणी बघतही नाही, पण सीटमागं सहाशे मोजून अनोळखी गाडीत बसणाऱ्याला तेवढंही संरक्षण नसतं. चालवणारा आधीच्या रात्री किती झोपला हे विचारायची सोय तर नसतेच.

खासगी ट्रॅव्हल्सबद्दल थोडक्यात सांगतो. सणात भाडं दुप्पट-तिप्पट करतात ही तक्रार जुनीच आहे. एसटीच्या तशाच प्रकारच्या गाडीच्या भाड्याच्या दीडपटीहून जास्त घ्यायचं नाही, असा शासनाचा २७ एप्रिल २०१८ चा निर्णय आहे. जास्त मागितले तर पावती मागा, तिचा फोटो काढा आणि आरटीओकडे तक्रार करा. बसल्यावर आपत्कालीन दरवाजा कुठं आहे तेवढं पाहून ठेवा. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसं आत जळून गेली. तेव्हा ट्रॅव्हल्सनं जाणं म्हणजे सुरक्षित असं मी म्हणणार नाही. तरी स्वतः पेंगत चालवण्यापेक्षा ते बरं.

मग जायचं कसं?

एसटीला सोनपेठमध्ये स्थानक आहे, आगार नाही. त्यामुळे आपल्याला पाथरी, गंगाखेड किंवा परळी आगाराच्या गाड्यांवर अवलंबून राहावं लागतं. ज्या गाड्या इथून जातात त्यांत दिवाळीनंतर उभं राहायला जागा नसते हे खरं आहे. पण एसटीची एक रीत आपण विसरतो. मागणी दाखवली की जादा गाडी सुटते. आषाढीला चाळीसेक वारकरी एकत्र आले तर गावातून थेट पंढरपूरची गाडी मिळते ना? लग्नाला आपण प्रासंगिक करारावर गाडी घेतोच ना? मग पुण्याला परतणाऱ्या चाळीस लेकरांसाठी गाडी मागायला कुणी अडवलं आहे? रविवारी सकाळी सोनपेठहून निघून संध्याकाळी वाघोली, खराडी, वाकडेवाडी अशी एक, आणि रविवारी संध्याकाळी निघणारी एक, अशा दोन जादा गाड्यांची मागणी आपण पाथरी आणि गंगाखेडच्या आगार व्यवस्थापकांकडे लेखी करतो आहोत. मागणीसोबत नावांची यादी जोडायची आहे. यादी जितकी लांब, तितकं नाही म्हणणं अवघड. संध्याकाळची गाडीही रात्रभर चालणार, हे कुणी म्हणेल. चालणारच. पण ती चालवणारा माणूस त्याच कामाचा आहे, विश्रांती घेऊन बसलेला आहे आणि तुम्ही मागं झोपलेले असाल. सकाळची गाडी भरली तर मला जास्त आनंद होईल.

नगर-पुणे रस्ता हा एसटीचा जन्मरस्ता आहे. १ जून १९४८ ला राज्य परिवहनाची पहिली बस याच दोन गावांमध्ये धावली, आणि १ जून २०२२ ला विजेवरची पहिली शिवाई बसही याच मार्गावर सुरू झाली. त्या रस्त्यावर एसटीच्या चालकाला प्रत्येक गतिरोधक आणि वळण तोंडपाठ असतं. आपल्याला नसतं, आपण वर्षातून तीनदा जातो.

पुण्यात उतरल्यावरचा प्रश्न पूर्वीइतका बिकट राहिलेला नाही. नगरकडून येणाऱ्या गाड्या वाकडेवाडीच्या शिवाजीनगर स्थानकापर्यंत जातात, पण वाघोली-खराडीला राहणाऱ्यानं तिथवर जायची गरजच नाही, वाटेतच उतरावं. मेट्रो ६ मार्च २०२४ पासून नगर रोडवर रामवाडीपर्यंत आली आहे. २९ सप्टेंबर २०२४ पासून ती स्वारगेटपर्यंत जाते. रामवाडीला मेट्रो धरली तर जिल्हा न्यायालयाच्या स्थानकावर बदलून कासारवाडी, नाशिक फाटा, पिंपरीपर्यंत जाता येतं. भोसरीवाल्यांना नाशिक फाट्यावरून पीएमपी किंवा रिक्षा मिळते. चाकणकरांची अजून तशी सोय झालेली नाही, त्यांना शिक्रापूरला उतरून चाकणची गाडी धरणं जवळ पडेल.

रेल्वेचं म्हणाल तर सोनपेठला ती नाही, पण तालुक्याच्या कडेनं परभणी-परळी मार्ग जातो. परळी आणि गंगाखेड ही आपली जवळची मोठी स्टेशनं. नांदेड-पनवेल एक्स्प्रेस संध्याकाळी परभणी, मग गंगाखेड, परळी, रात्री लातूर, बार्शी, कुर्डुवाडी करत पहाटे पुण्यात आणि सकाळी पनवेलला जाते. लातूर-कुर्डुवाडीची जुनी अरुंद लाइन या शतकाच्या पहिल्या दशकात रुंद झाली म्हणून तर परळीचा माणूस आज गाडी न बदलता पुण्यात उतरतो. आमच्या पिढीला हे सुख नव्हतं. मुंबईला जाणाऱ्यांनी परभणी गाठावं. तिथून नंदीग्राम, देवगिरी, तपोवन आहेत.

आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे आत्ता नेहमीच्या गाडीत जागा मिळण्याची आशा धरू नये. तत्काळचं तिकीट प्रवासाच्या आदल्या दिवशी निघतं: वातानुकूलित वर्गाचं सकाळी दहाला, स्लीपरचं अकराला. ऑनलाइन काढणाऱ्याचं खातं आधारशी जोडलेलं लागतं, तेवढं आज रात्रीच करून ठेवा. रेल्वे सणाला विशेष गाड्याही सोडते. १३९ वर चौकशी करा आणि वेळही तिथंच तपासून घ्या. लहान लेकरं, म्हातारी माणसं बरोबर असतील तर दिवाळीनंतरच्या जनरल डब्यात शिरू नका. त्यांच्यासाठी सकाळची एसटी बरी.

गावातून सोनपेठला किंवा परळीला पोहोचायची अडचण मात्र खरी आहे, आणि ती सोडवणं तुमच्या-आमच्या हातात आहे. खडका, डिघोळ, शेळगाव, उखळी, नरवाडी, शिर्शी, वाणीसंगम, थडी उक्कडगाव, जिथं जिथं माणूस निघणार आहे तिथं मागं राहणाऱ्या भावानं, पुतण्यानं, शेजाऱ्यानं त्याला मोटारसायकलवर किंवा घरच्या जीपमधून स्थानकापर्यंत सोडावं. रिक्षावाल्या आणि काळीपिवळीवाल्या मित्रांनी त्या दिवशी परळी-गंगाखेडच्या गाडीच्या वेळा सांभाळून फेऱ्या कराव्यात आणि भाडं नेहमीचंच घ्यावं. ज्वारीचं पोतं याच वेळी गेलं पाहिजे असं नाही. ते मागाहून पार्सलनं जाईल किंवा ज्यांची गाडी दिवसा जाणार आहे त्यांच्या डिकीत जाईल. डब्यांपुरती एक पिशवी हातात ठेवा.

काहींना गाडी न्यावीच लागेल. घरात आजारी माणूस असेल, बाळंतीण असेल, तान्हं लेकरू असेल, पुण्यात गाडीवरच धंदा असेल. त्यांनी रविवारी पहाटे, झोप पुरी करून, उजाडायच्या सुमारास निघावं. दुपारी जेवायला थांबून दिवे लागायच्या आत शिक्रापूर ओलांडावं. चालवू शकणारं दुसरं माणूस बरोबर ठेवा आणि शंभर-सव्वाशे किलोमीटरला हात बदला. दर दोन तासांनी खाली उतरा. मागच्यांनीही पट्टे लावा. चालवणाऱ्यानं आदल्या रात्री पत्त्यांचा डाव आणि त्याबरोबर जे काही असतं ते सोडावं. झोप आली असं वाटलं की धाब्यावर, पेट्रोल पंपावर, उजेडात गाडी लावून अर्धा तास झोपा. रस्त्याच्या कडेला अंधारात थांबू नका. थांबलेल्या गाडीवर मागून आदळण्याचे अपघातही कमी नाहीत. अपघात दिसला तर १०८ ला, पोलिसांसाठी ११२ ला, राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ला फोन करा. मदत करणाऱ्याला पोलीस त्रास देतात ही भीती जुनी झाली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा माणसाला कायद्याचं संरक्षण आहे.

आई-वडिलांनो, तुमच्याशीही बोलायचं आहे. ‘रात्रीचं ऊन लागत नाही, ट्रॅफिक नसतो, रात्रीच निघा’ असं आपणच म्हणतो. ‘अजून एक दिवस राहा’ असंही आपणच म्हणतो आणि तो एक दिवस पोरगं शेवटच्या रात्रीतून कापून काढतं. यंदा रविवारी सकाळी त्याला स्वतः उठवा आणि लावून द्या. बहिणींनो, भाऊबीजेचं ताट दुपारचं करा. सासूबाईंनी जावयाला रविवारच्या रात्रीच्या जेवणाचा आग्रह करू नये; शनिवारी पुरणपोळी घाला, तो जास्त जेवेल. आणि ज्यांना सोमवारी पहिल्या पाळीला हजर राहायचं आहे त्यांनी आजच सुपरवायझरला फोन करून पाळी बदलून मागावी. मिळेलच असं नाही. एका दिवसाचा पगार कापला गेला तरी तो कापू द्यावा, असं मी घरच्या माणसाला सांगितलं असतं, म्हणून तुम्हालाही सांगतो.

मोठ्या मागण्या वेगळ्या आहेत आणि त्या आपण सोडलेल्या नाहीत. सोनपेठहून पुण्याला कायमची रोजची फेरी हवी. २६१ किलोमीटरचा अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वेमार्ग तीन दशकं रखडला. १७ सप्टेंबर २०२५ ला बीडपर्यंत गाडी आली, आता बीड-परळी तेवढं राहिलं आहे. तो पूर्ण झाला तर लातूर-कुर्डुवाडीचा वळसा वाचेल आणि या आवाहनातलं निम्मं लिहायची वेळच येणार नाही. निवडून दिलेल्यांना त्याबद्दल विचारत राहूच. पण येत्या रविवारपर्यंत तो मार्ग होणार नाही.

तेव्हा नावं द्या. बसस्थानकात वाहतूक नियंत्रकांच्या खिडकीबाहेर शुक्रवारी सकाळी आठ ते दुपारी दोन वही ठेवलेली असेल. त्यात लिहायचं ते एवढंच: पूर्ण नाव, गाव, किती माणसं, त्यांत महिला किती, ६५ च्या वरचे किती, लहान मुलं किती, सकाळची गाडी हवी की संध्याकाळची, आणि उतरणार कुठं, शिरूर, शिक्रापूर, वाघोली, खराडी की वाकडेवाडी. ज्यांना स्वतः येता येत नाही त्यांच्या वतीनं गावातल्या कुणीही लिहिलं तरी चालेल. गाडीनं दिवसा जाणाऱ्यांनी आपल्या गाडीत किती जागा रिकाम्या आहेत आणि डिकीत किती पोती बसतील तेही शेवटच्या पानावर लिहावं. दोन वाजता यादी घेऊन आम्ही आधी पाथरीला आणि तिथून गंगाखेडला निघणार आहोत. बरोबर यायला दोघं-तिघं हवेत.